लाइट आहे, पण यूपीएस बॅटरीवर आहे

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

दिवाळी अंकाच्या पानमांडणीचं काम हातात आलं. २२४ पानं, म्हणजे सोळा पानी चौदा फॉर्म. शेवटचा फॉर्म प्रेसला २५ सप्टेंबरला गेला पाहिजे, दसऱ्याला निदान पंचवीस प्रती संपादकांच्या हातात हव्यात. मजकूर नेहमीसारखा तीन तऱ्हांचा: काही युनिकोडमध्ये, काही श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडआधीच्या जुन्या फॉन्टमध्ये, आणि दोन ज्येष्ठ लेखकांच्या हस्तलिखिताचे व्हॉट्सॲपवर आलेले तिरके फोटो. जाहिराती देवाच्या भरवशावर.

जागा तीच. गिरगावातली चाळ, दुसरा मजला, खिडकीजवळचं टेबल. डेस्कटॉप, मॉनिटर, टेबलाखाली ६०० व्हीएचा यूपीएस, लाइट गेले की मशीनला थोडा वेळ बॅटरीवर चालवणारा. यूपीएस टेबलाखाली ठेवल्यापासून आईच्या पायाला तो लागतो आणि रोज एकदा त्याचा उद्धार होतो.

११ ऑगस्ट, सोमवार

दुपारी ३.४० ला मशीन बंद. तिसरा फॉर्म उघडा होता, पान ४१ वर. दिवे क्षणभर मिणमिणले, यूपीएस एकदा किंचाळला आणि सगळं काळं. पंखा मात्र फिरत होता! म्हणजे लाइट गेलेच नव्हते. बॅटरीने चार सेकंदसुद्धा दम धरला नाही.

इनडिझाईनने, म्हणजे मी पानं लावते त्या सॉफ्टवेअरने, फाइल परत आणून दिली, पण सव्वातीनच्या अवस्थेतली. पंचवीस मिनिटांचं काम गेलं. सतत कंट्रोल-एस दाबून सेव्ह करायची सवय असल्याचा मला फार गर्व होता, तो आज उतरला.

१३ ऑगस्ट, बुधवार

आज दोनदा. संपादकांना पहिल्या दोन फॉर्मांची पीडीएफ दुपारी देणार होते, ती संध्याकाळी गेली. सर पुण्याचे. फोनवर म्हणाले, "लाइट? मुंबईत? अहो, लाइट आमच्याकडे जातात, गुरुवारी. मुंबईत कुठले जातायत?" हसत म्हणाले, पण त्या हसण्यात एक काटा होता. मुदत चुकवणाऱ्याची सबब त्यांनी आयुष्यभर ऐकलेली आहे.

त्यांचंही चुकत नाही. मुंबईत लाइट जात नाहीत ही आपलीच जुनी फुशारकी. बाहेरचं ग्रीड कोसळलं तरी शहराने स्वतःला तोडून घ्यायचं आणि आपल्या वीजकेंद्रांवर चालत राहायचं, अशी 'आयलंडिंग'ची व्यवस्था इथे १९८१ पासून आहे. तीही १२ ऑक्टोबर २०२० ला कोलमडली होती. सोमवार, सकाळचे दहा, लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशीही मी एका दिवाळी अंकावरच बसले होते. गंमत अशी, की तेव्हा कुणालाच खुलासा द्यावा लागला नाही. बातम्या होत्या ना! अंधार सगळ्यांचा असला की माफ असतो. एकट्या आपल्या खोलीत झाला की तो बहाणा ठरतो.

तर आजपासून वही. तारीख, वेळ, काय दिसलं, किती वेळ. सरांना दाखवायला नाही, मलाच कळायला हवं म्हणून.

१४ ऑगस्ट, गुरुवार

लॅमिंग्टन रोडवरून यूपीएसची नवीन बॅटरी आणली, १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास. जुनी दाखवली तर दुकानदाराने कडेवर हात फिरवला. बाजू फुगलेली. "किती झाले हिला?" अकरा महिने. "अकरा महिन्यांत मरत नाही हो ताई, अडीच-तीन वर्षं जाते. तुमच्याकडे लाइट फार जातात का?" म्हटलं, तेच तर कळत नाहीये.

येताना लोहार चाळीतून आणखी एक वस्तू घेतली: भिंतीवरच्या सॉकेटमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर. काडेपेटीपेक्षा जरा मोठा, लाल आकडे. घरी येऊन लावला. २४१. दहा मिनिटांनी २३६. मग २४४. आई म्हणाली, "हे काय, रिक्षाचं मीटर बसवलंस घरात?"

घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा. सहा टक्के खाली-वर चालतं, म्हणजे अंदाजे २१६ ते २४४. आम्ही वरच्या काठावर उभे आहोत. हे तेव्हा मला फार वाटलं नाही, कमी असण्यापेक्षा जास्त बरं, असंच वाटलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पाऊस. सकाळपासून रेल्वे बंद, शाळा बंद. साडेअकराला पाणी तळमजल्यावरच्या मीटर केबिनच्या पायरीला लागलं आणि चाळीच्या सेक्रेटरींनी मेन स्विच खाली केला. बरोबर केलं. चार तास सगळी चाळ अंधारात. संध्याकाळी मोनोरेल चेंबूरच्या बाजूला वरच्या वर अडकली, माणसं क्रेनने उतरवली, ते सगळे गॅलरीत उभे राहून मोबाइलवर बघत होतो.

माझ्यासाठी आजचा शोध वेगळाच. नवीन बॅटरीवर मशीन १४ मिनिटं चाललं. कागदावर हिशेब छत्तीस मिनिटांचा येतो: १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॉट-तास, मशीन आणि मॉनिटर मिळून १४० वॉट. पण एवढ्याशा बॅटरीतून एवढी वीज एकदम ओढली की ती पूर्ण देत नाही, वर यूपीएस स्वतःचा वाटा खातो. चौदा तर चौदा, सगळं सेव्ह करून शांतपणे बंद करायला पुरे.

ते केलं आणि फाइल पाठवायला गेले तर इंटरनेट नाही. राउटर यूपीएसवर, दिवे लागलेले, नेट मात्र मेलेलं. जिन्यात जाऊन बघितलं. केबलवाल्याची पत्र्याची पेटी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आहे, आतल्या नेटच्या स्विचला वीज जिन्याच्या दिव्याच्या मीटरवरून. जिना अंधारात, की सगळी चाळ ऑफलाइन. दोन वर्षं मी राउटरला यूपीएसवर ठेवून निर्धास्त होते!

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ९० एमबीची फाइल चढवायला पन्नास मिनिटं लागली. सगळं गिरगाव तेव्हा मोबाइलवरच होतं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

केबलवाल्याकडून फायबर थेट खोलीत घेतली. या पद्धतीत वाटेत फायबरच्या फांद्या फोडणारा जो स्प्लिटर असतो त्याला वीज लागतच नाही, नुसती काच. वीज फक्त त्यांच्या ऑफिसात आणि माझ्या घरात हवी. राउटरला १२ व्होल्टचा वेगळा छोटा यूपीएस घेतला, पुस्तकाएवढा. तो तीन तास तरी जातो. काम झालं, यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

सहावा फॉर्म पूर्ण. कवितांची पानं लावली. एका कवीने प्रत्येक ओळ वेगळ्या ठिकाणाहून सुरू केली आहे आणि ते 'अर्थपूर्ण' आहे असं चिठ्ठीत कळवलंय.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. चाळीच्या अंगणात मंडप, यंदा रोषणाई जोरात. अर्धी चाळ कोकणात गेली. आमच्या मजल्यावर अकरा खोल्यांपैकी सात कुलूपबंद. अशी शांतता वर्षातून एकदाच मिळते, म्हणून या दहा दिवसांत चार फॉर्म उडवायचा बेत.

संध्याकाळी आरतीनंतर बसले. ७.१०, यूपीएस 'टक'. ७.१२, 'टक, टक'. आतला रिले व्होल्टेज सावरत असला की हा आवाज येतो. फारच बिघडलं की तो प्रयत्न सोडून सरळ बॅटरीवर जातो आणि ओरडायला लागतो. ७.३० ला तेच झालं. ट्यूबलाइट लख्ख, पंखा नेहमीपेक्षा जोरात, आणि यूपीएस म्हणतोय लाइट नाहीत.

आई म्हणाली, "तुझं ते यंत्र भित्रं आहे."

मीटर बघितला. २५९.

२८ ऑगस्ट, गुरुवार

वहीतला आजचा दिवस: सकाळी ८ ला २४३, दुपारी २ ला २४५, सव्वासातला २६१, साडेनऊला २६४, रात्री १२.२० ला रोषणाई बंद झाली आणि त्याच मिनिटाला २४४.

हे उलटं आहे. मंडपाचा एवढा लोड पडल्यावर व्होल्टेज उतरायला हवं, दिवे मंद व्हायला हवेत. लहानपणापासून तेच बघितलंय. आमच्याकडे चढतंय.

सेक्रेटरींना सांगितलं. ते मोदकांच्या हिशेबात होते. "तुमच्या खोलीतलं वायरिंग बघून घ्या एकदा. बाकी कुणाची तक्रार नाही." बाकी कोकणात आहेत, तक्रार कोण करणार!

३० ऑगस्ट, शनिवार

वही घेऊन तळमजल्यावरच्या काकांकडे गेले. गोदीत इलेक्ट्रिकल खात्यात तेहेतीस वर्षं काढलेली आहेत त्यांनी. चष्मा कपाळावर सारून त्यांनी तीन पानं वाचली, मग एकच विचारलं, "मंडपाची लाइन कुठल्या फेजवर आहे गं?" चाळीत वीज तीन तारांनी येते, त्या या फेज, ओळखायला एकेक रंग. आपली कुठली, मला काय माहीत. "लाल. आणि तुमचा मजला पिवळ्यावर. माझी खोली लालवर. चल, आपण खात्री करू."

खात्री अशी केली. मी वर माझ्या मीटरसमोर, काका खाली त्यांच्या सॉकेटमध्ये स्वतःचा जुना मल्टिमीटर लावून, आणि मंडळाचा एक मुलगा मंडपाच्या स्विचवर. तिघे एकाच व्हॉट्सॲप कॉलवर. बंद: माझ्याकडे २४२, काकांकडे २२८. चालू: माझ्याकडे २६३, काकांकडे २०४. परत बंद, परत चालू. तीनदा केलं, तिन्ही वेळा आकडे दोन-तीन व्होल्टच्या फरकाने तेच. अंगणात पोरं टाळ्या वाजवायला लागली, त्यांना वाटलं रोषणाईची नवी तऱ्हा आहे.

काका वर आले. चहा होईपर्यंत त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

"तीन फेज म्हणजे तीन भाऊ समज. न्यूट्रल, म्हणजे तिघांची परतीची तार, ही त्यांच्यातली सामाईक भिंत. भिंत पक्की असली तर तिघांच्या खोल्या सारख्या, २३० च्या. भिंत ढिली झाली की ज्याच्या घरात माणसं जास्त, म्हणजे लोड जास्त, त्याची खोली दबते. ज्याच्या घरात कुणी नाही त्याची फुगते. मंडप लालवर, त्यामुळे लाल दबला. तुमचा मजला गेला कोकणात, म्हणून पिवळा फुगला. तुझ्या घरी लाइट जात नाहीयेत. न्यूट्रल जातोय."

"आणि पूर्ण सुटला तर?"

"दोन फेजमध्ये ४०० असतात. त्यातले कुणाच्या वाट्याला किती, ते देव जाणे."

आईने उठून फ्रिज बंद केला.

३१ ऑगस्ट, रविवार

गौरी आल्या. मी काम केलं नाही, दुसरं केलं. वहीतले आकडे घेऊन आलेख मांडला: आडवी वेळ, उभे व्होल्ट, २१६ ते २४४ चा पट्टा राखाडी, मंडप चालू असतानाचे तास फिकट केशरी. दोन खोल्यांच्या दोन रेषा. एक चढते तेव्हा दुसरी उतरते, तोंड फिरवून बसलेल्या जावांसारख्या. खाली सोळा पॉइंटमध्ये एकच ओळ: 'मीटर केबिनमधला न्यूट्रल तातडीने तपासावा.' ए-थ्री कागदावर छापून आणला आणि सूचनाफलकावर वर्गणीच्या यादीशेजारी लावला.

वर्गणीची यादी सगळे वाचतात. शेजारचं वाचलं जातंच.

सेक्रेटरी येऊन बघून गेले. विसर्जनानंतर बघू म्हणाले.

१ सप्टेंबर, सोमवार

गौरीपूजन. रात्री ८.५० ला आमच्या शेजारच्या वहिनींचा टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स एकदम गेले. माझ्या मीटरवर तेव्हा २८७ बघितलं, तेही उतरताना. त्याआधी किती असेल ते कळायला मार्ग नाही. मी आणि आईने मिळून मजल्यावर दार उघडं असलेल्या तिन्ही घरांचे एमसीबी, म्हणजे घरातली मेन बटणं, खाली पाडायला लावले. काकांनी खाली मंडपाचे फोकस स्वतः जाऊन बंद केले, मंडळाच्या पोरांशी वाजलं थोडं. नंतर तीच पोरं टॉर्च घेऊन मीटर केबिनशी आली. दार उघडताच वास: तापलेल्या बेकेलाइटचा, जुन्या इस्त्रीसारखा.

कुणी हात लावला नाही. काकांनी दारातच हात आडवा धरला होता.

सव्वानऊला सेक्रेटरींनी आपणहून वीज कार्यालयाला फोन केला. मेन स्विच चाळीचा, त्यावरचं सील वीज कार्यालयाचं, त्यामुळे दोघांचीही माणसं लागणार. तोवर मेन बंद. गौरींसमोर रात्रभर समया, सगळी चाळ गॅलरीत. खरं सांगायचं तर फार सुंदर दिसत होतं.

३ सप्टेंबर, बुधवार

काल दिवसभर परवानाधारक कंत्राटदार शोधण्यात गेला, संध्याकाळी गौरी गेल्या, आणि आज सकाळी दहाला काम सुरू झालं. मी प्रूफं सोडून खाली उभी.

मेन स्विचशेजारच्या लाकडी फळीवर न्यूट्रलचा पितळी बार. वीस वर्षांपूर्वी चाळीने खासगी माणसाकडून बसवून घेतलेला. त्यात अॅल्युमिनियमची जाड केबल थेट घुसवलेली, मध्ये काहीही नाही. दोन वेगळे धातू असे एकमेकांना चिकटवले आणि वर समुद्राची हवा, पावसाची ओल मिळाली की जोड कुजतो. कुजला की रोध वाढतो, रोध वाढला की तापतो, तापून-निवून स्क्रू सैल होतो. स्क्रूभोवती पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड होती. फळी मागून कोळसा झालेली, बोट लावलं तर खपली पडली. कंत्राटदाराने स्क्रूवर पेचकस टेकवला, तो पाऊण वळसा नुसताच फिरला.

केबल चार बोटं कापली, बायमेटल लग, म्हणजे दोन धातूंची गाठ घालणारं टोक, लावून दाबली, जोडाला पेस्ट, नवा बार, फळीच्या जागी न पेटणारी शीट. मंडपाची लाइन तिन्ही फेजवर वाटून दिली. अडीच तास. वीज कार्यालयाचा माणूस सील करून, सही घेऊन गेला.

वर येऊन मीटर बघितला. २३२. खाली ओरडून मंडप चालू करायला सांगितलं. २३१.

काकांनी जुन्या बारचा तुकडा मागून घेतला. खिडकीत ठेवलाय.

८ सप्टेंबर, सोमवार

विसर्जन परवा झालं. कोकणातली मंडळी परतली, सूचनाफलकावरचा आलेख कुणीतरी काढून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पाण्याच्या वेळा लिहिल्यात. ए-थ्री कागद महाग असतो, चालायचंच.

वहिनींच्या टीव्हीच्या खर्चाबद्दल चाळ समितीत अजून चर्चा चालू आहे. निम्मे देतो म्हणतायत. माझं मत पूर्ण द्यावेत असं आहे आणि ते मी सभेत बोलले. सेक्रेटरी सध्या माझ्याशी तेवढ्यास तेवढं बोलतात.

१५ सप्टेंबर, सोमवार

इन्व्हर्टरचा प्रश्न निकालात काढला. ऑगस्टमध्ये घ्यायचाच असं ठरवून बसले होते. १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या वर जाते. आमच्या मजल्याची जमीन लाकडी, खोली दहा बाय बारा. आत ठेवली तर ॲसिडचा वायू, गॅलरीत ठेवली तर समिती. लिथियमची हलकी मिळते, पण किंमत या अंकाच्या मानधनाला मोठं भगदाड पाडणारी.

वही उघडली. ३ तारखेपासून आजपर्यंत लाइट गेले एकदा. ११ मिनिटं, सगळ्या गल्लीचे. त्या वेळात यूपीएस टिकला, नेट टिकलं, मी एक जाहिरात लावून मोकळी झाले. इन्व्हर्टर घेतला असता तर ढिल्या न्यूट्रलवर चाळीस हजारांची मलमपट्टी झाली असती, आणि २८७ व्होल्ट त्या इन्व्हर्टरनेच खाल्ले असते बहुतेक.

एक बदल केला: फाइलची प्रत दर दहा मिनिटांनी दुसऱ्या डिस्कवर. आणि पंखा बीएलडीसीचा घेतला, पण तो बिलासाठी, आईच्या आग्रहाने.

२५ सप्टेंबर, गुरुवार

चौदावा फॉर्म रात्री १०.३५ ला प्रेसला गेला. शेवटची जाहिरात १०.०५ ला आली, मालकाचा फोटो व्हॉट्सॲपवरचा, डीपीएवढा. तसाच छापला जाईल, माझा इलाज नाही.

सरांचा फोन. "लाइट कसे आहेत?" म्हटलं, २३३. त्यांना कळलं नाही. मग सगळी हकिगत सांगितली, कोकणात गेलेल्या मजल्यासकट. थोडा वेळ गप्प राहिले, म्हणाले, "पुढच्या अंकासाठी यावर लेख द्या." लेखाचं मानधन विचारलं तर हसले.

९ ऑक्टोबर, गुरुवार

गिरगावची मेट्रो आजपासून सुरू. दादरला जाऊन अंकाच्या माझ्या दोन प्रती घेतल्या, येताना त्याच गाडीत बसून चाळला. पान ४१ वर एक परिच्छेद दोनदा छापलाय. ११ ऑगस्टला सव्वातीनच्या अवस्थेत परत आलेलं तेच पान. दोन प्रूफं झाली, माझी आणि सरांची, दोघांच्याही नजरेतून सुटलं.

लेखकाचा फोन अजून आलेला नाही.

काकांना एक प्रत दिली. व्होल्टमीटर मी काढून टाकणार होते, पण आईने अडवलं. दूध तापायला ठेवलं की ती आकडा वाचून सांगते, पंचांगातली तिथी सांगावी तसा. आज २३४.